रोप किती फुटाचं घ्यावं? नर्सरीत जायच्या आधी एवढं बघून ठेवा

मे संपत आला की ओळखीतल्यांचे फोन सुरू होतात. यंदा झाडं लावायचीत, किती फुटी घेऊ? आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा ठरलेलं असतं की परवडतंय ना मग मोठंच घेऊ, दहा फुटी आणलं की दोन-तीन वर्षं वाचली. मी पण हेच धरून चाललो होतो. माझं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं, सगळा मुरमाड माळ, पाऊस कमी आणि जो काय पडतो त्यातला बराचसा सप्टेंबरात परतीला. वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या नावानं दहा झाडं लावायची ठरवली आणि शहरातल्या एका नर्सरीतनं दहा-दहा फुटी वड, पिंपळ, कडुनिंब टेम्पोत घालून आणले. त्याच दिवशी गावातल्या पोरांनी शेजारच्या पट्ट्यात सरकारी नर्सरीतली दोन-दोन फुटी करंज आणि कडुनिंबाची रोपं लावली. तीन पावसाळे झाले. माझ्या दहातली तीन राहिली, ती पण शेंड्याकडून वाळून खालून फुटलेली, आणि पोरांनी लावलेला दोन फुटी कडुनिंब आता माझ्या डोक्याच्या वर गेलाय.

दुसऱ्या उन्हाळ्यात वाळलेला एक पिंपळ मी टिकाव घालून उकरून काढला होता. मुळांचा गोळा जसाच्या तसा पिशवीच्या आकाराचा निघाला. कडेची मुळं पिशवीच्या भिंतीला धरून गोल फिरलेली, तळाशी दोराचं वेटोळं ठेवावं तशी गुंडाळी, आणि बाहेरच्या मुरमात गेलेली मुळं हाताच्या बोटावर मोजण्याएवढी. आम्ही दीड वर्ष पाणी घालत होतो आणि झाड पिशवीतून बाहेर आलंच नव्हतं. ते बघितल्यापासून मी उंची विचारणं सोडून दिलं, आता आधी पिशवी बघतो, मुळं बघतो आणि जागा बघतो.

मोठं झाड वाईट असतं असं अजिबात नाही, रस्त्याकडेला मोठंच लागतं. पण कुठल्या जागेला कुठलं माप हे आधी ठरलं पाहिजे, म्हणून क्रमानं सांगतो.

पहिलं काम: जागेवर जाऊन उभं राहा

नर्सरीत जायच्या आधी जिथं लावायचंय तिथं जाऊन तीन गोष्टींचं खरं उत्तर स्वतःला द्या.

पाणी कोण घालणार आणि किती उन्हाळे? झाडं लावायच्या दिवशी वीस जण येतात, एप्रिलात कॅन घेऊन कोण येणार त्याचं नाव आत्ताच ठरलेलं पाहिजे. माझ्या हिशोबानं दोन फुटी रोपाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला पाच-सात लिटर दिलं आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन केलं तर ते तगतं, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी दिलं तरी चालून जातं. दहा फुटी झाडाला तीस-चाळीस लिटर, आठवड्यातनं दोनदा, आणि ते दोन उन्हाळे तरी, कधी तीन. शंभर झाडांचा गुणाकार करून बघा म्हणजे टँकरचा आकडा कळेल.

कारण साधं आहे. झाड वर जेवढं पानांनी भरलेलं तेवढं पाणी ते हवेत सोडणार, आणि ते ओढायला खाली मुळं किती, तर पिशवीत मावतील तेवढीच. नर्सरीत रोज पाणी मिळतं म्हणून हा मेळ टिकून असतो. माळावर गेल्यावर आठवड्याचा खाडा पडला की आधी पानं जातात, मग शेंडा. छोट्या रोपाची पानं कमी, गरज कमी, आणि पहिल्या वर्षात ते वर फारसं वाढतही नाही, सगळी ताकद मुळाकडं लावतं. ह्या वर्षात लोक घाबरतात की रोप खुंटलं, वाढतच नाही. वाढतंय, खाली वाढतंय, त्याला वेळ द्या.

दुसरं, जनावरं. शेळी मागच्या पायांवर उभी राहिली की पाच-साडेपाच फुटापर्यंतचा पाला आरामात ओढते. आमच्याकडं शेळ्या-मेंढ्या चरायला असतातच, तो लोकांचा पोटाचा धंदा आहे, त्यांच्याशी भांडून झाडं जगत नाहीत. एक तर कुंपण किंवा काट्याची वई करा, नाहीतर शेळी तोंड लावत नाही अशी सीताफळ, निरगुडी, करंज ही मंडळी आधी लावा.

तिसरं, माती किती खोल. पहार मारून बघा. एका फुटाखाली कातळ किंवा कठीण मुरूम लागला तर बारा बाय पंधरा इंची पिशवीतलं झाड तिथं बसणारच नाही, तेवढा खड्डाच होणार नाही, आणि झाला तरी ती दगडातली कुंडी होईल, पावसात पाणी साचणार आणि उन्हात तापणार.

पिशवीची भाषा शिकून घ्या

नर्सरीवाले रोपाचं माप पिशवीवरनं बोलतात. पाच बाय आठ, आठ बाय दहा, बारा बाय पंधरा, अठरा अठरा, एकवीस एकवीस. हे सगळे इंच, आणि नवख्या माणसाला जे कळत नाही ते म्हणजे हे माप रिकामी पिशवी सपाट पसरलेली असतानाचं असतं. माती भरली की पिशवी गोल होते. पाच बाय आठची भरलेली पिशवी जेमतेम सव्वातीन इंच रुंद होते, आठ बाय दहाची पाच इंच, बारा बाय पंधराची साडेसात-पावणेआठ, आणि एकवीसची साधारण तेरा इंच. म्हणजे 'एकवीसची पिशवी' ऐकून डोळ्यासमोर जो मोठा गोळा येतो तेवढा तो नसतो.

वजनाचा पण अंदाज हवा कारण शेवटी ते कुणाला तरी उचलायचंय. ओली पाच बाय आठ सव्वा किलोच्या आसपास, एक माणूस क्रेटमध्ये दहा-बारा घेऊन टेकडी चढतो. आठ बाय दहा चार किलो. बारा बाय पंधरा तेरा-चौदा किलो, म्हणजे एका खेपेला हातात एक-दोन. एकवीस एकवीस साठ किलोच्या पुढं, दोन माणसं आणि गाडी जागेपर्यंत गेली तरच. टेकडीवर अशी झाडं वर नेताना लोक खोड धरून उचलतात, गोळ्याचं वजन खोडाला लोंबकळतं, आतली बारीक मुळं तिथंच तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

सरकारी नर्सरीत, म्हणजे वनविभाग किंवा सामाजिक वनीकरणाच्या, साधारण दोन प्रकार मिळतात, लहान पिशवीतलं नऊएक महिन्यांचं आणि मोठ्या पिशवीतलं दीड वर्षाचं. दर खाजगीपेक्षा बरेच कमी, वनमहोत्सवाच्या काळात आणखी सवलत असते. पण जूनमध्ये जाऊन पाहिजे ती जात मिळेलच असं नाही. मागणी जानेवारी-फेब्रुवारीतच सांगून ठेवा, त्यांचं पिशव्या भरायचं काम त्याच सुमाराला चालू असतं.

आता कुठं काय लावायचं

टेकडी, माळ, गायरान, जिथं पाणी लांब आहे तिथं दीड ते अडीच फुटाचं रोप, पाच बाय आठ किंवा सहा बाय नऊच्या पिशवीतलं. ह्यापेक्षा मोठं घेऊ नका असं मी हात जोडून सांगतो. वाचलेल्या पैशातनं आच्छादन, पावसाचं पाणी अडवायला चर आणि उन्हाळ्याचं पाणी करा. खड्डा दीड फूट बाय दीड फूट बाय दीड फूट पुरतो, पण तो मे मध्येच काढून उन्हात तापू द्या.

काही झाडं तर पिशवीतनं नेण्यापेक्षा बी टोकूनच बरी. बाभूळ, करंज, चिंच, सीताफळ. कडुनिंबाची निंबोळी जून-जुलैत पिकून खाली पडते, ती ताजी असतानाच लावायची, तिची उगवणशक्ती लवकर जाते, डब्यात भरून पुढच्या वर्षाला ठेवलेली निंबोळी उगवत नाही. मोह आणि पळस ह्यांचं सोटमूळ सुरुवातीलाच सरळ खाली जातं, पिशवीच्या तळाला अडलं की वळतं आणि ते वळण पुढं तसंच राहतं, म्हणून ह्यांचं रोप जितकं लहान तितकं चांगलं. पळसाचं एक लक्षात ठेवा, पहिली काही वर्षं त्याचा वरचा शेंडा उन्हाळ्यात वाळतो आणि पावसात बुडातनं परत फुटतो, मेलं समजून उपटू नका. सागाला तर पिशवी पण लागत नाही, सागाच्या जड्या मिळतात, म्हणजे स्टंप, करंगळी ते अंगठ्याएवढ्या जाड, खाली वीतभर मूळ आणि वर इंचभर खोड. पहिला चांगला पाऊस झाला की पहारीनं भोक पाडून दाबून लावायच्या.

शेताच्या बांधाला, घरामागं, शाळेच्या आवारात, जिथं विहीर किंवा नळ जवळ आहे आणि येता-जाता नजर आहे, तिथं तीन ते पाच फुटी, आठ बाय दहा किंवा दहा बाय बाराच्या पिशवीतलं. नवीन माणसाला हे सगळ्यात सोपं माप. हाताळता येतं, तणात हरवत नाही, लवकर बसतं. बहावा, ताम्हण, कांचन, बकुळ, जांभूळ ह्याच मापात घ्या.

रस्त्याकडेला आणि सोसायटीत मात्र आठ-दहा फुटी झाड, खाली सहा फुटापर्यंत सरळ मोकळं खोड असलेलं. तिथं दोन फुटी रोप लावलं तर त्याच्यावर गाडी लागते, कचरा पडतो, गवत काढताना कटर फिरतो. पण मोठं घेतलंत की पिंजरा, दोन बाजूंनी आधाराच्या काठ्या आणि टँकरचा बंदोबस्त हे त्याच खर्चात धरा. पिशवी कमीत कमी अठरा अठराची. दहा फुटी झाड बारा बाय पंधरामध्ये दिसलं तर घेऊ नका, एवढ्या पानाला एवढी माती पुरत नाही. शहरात झाड तोडायची परवानगी घेऊन बदल्यात झाडं लावायची असतील तर उंची कायद्यातच आलीय, महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली त्यात भरपाईची झाडं सहा ते आठ फुटी असावीत आणि सात वर्षं सांभाळावीत असं ठरलंय. म्हणजे तिथं दोन फुटी लावून मोकळं होता येत नाही.

फळझाडांचं गणित वेगळं, तिथं उंचीपेक्षा कलम कसं बांधलंय ते बघायचं. आंब्याचं वर्षभराचं, दोन-अडीच फुटाचं कलम घ्या, जोड पूर्ण भरलेला, वर-खाली जाडी सारखी, जोडावरची प्लास्टिकची पट्टी काढलेली किंवा काढता येण्यासारखी. पट्टी तशीच राहिली तर ती खोडात रुतते आणि तीन वर्षांनी जोरदार वारं आलं की झाड तिथंच मोडतं. कुंडीत मोहोर किंवा कैऱ्या लागलेलं मोठं कलम दाखवतात, ते बघून मन होतं हे मला कळतं, पण फळ लागलेल्या झाडाची ताकद मुळाकडं जात नाही. घेतलंच तर कैऱ्या आणि मोहोर खुडून मग लावा. नारळाचं रोप नऊ ते बारा महिन्यांचं, पाच-सहा पानं, बुंध्याचा घेर दहा सेंटीमीटर तरी, आणि पानं लवकर चिरून पात्या सुट्या झालेल्या असतील तर उत्तम. नारळात जास्त उंच पण बुंधा बारीक असं रोप कोण गळ्यात मारत असेल तर सोडून द्या.

नर्सरीत उभं राहून काय तपासायचं

इथं घाई करू नका. माझं म्हणणं एवढंच की शेंड्याकडं बघायच्या आधी खाली वाका.

बुंधा बघा. दोन फुटी रोपाचा बुंधा मातीलगत पेन्सिलीएवढा तरी जाड पाहिजे, चार फुटी असेल तर अंगठ्याच्या जवळपास. उंच आणि काटकुळं रोप हे सावलीत दाटीनं ठेवलेलं असतं, उजेडाकडं नुसतं पळालेलं. काठी बांधलेली असेल तर सुतळी सोडून बघा, स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर ठीक, कमान होऊन वाकलं तर नको.

मग पिशवी उचला. नुसती हलवू नका, जमिनीपासून पूर्ण उचला. टर्रकन आवाज आला तर मुळं पिशवीच्या भोकातनं जमिनीत गेली होती आणि ती आत्ता तुटली. चांगल्या नर्सरीत दर दोनेक महिन्यांनी पिशव्या जागेवरनं हलवतात, त्याला शिफ्टिंग म्हणतात, ते त्यासाठीच. रोप किती दिवस एकाच पिशवीत आहे ते विचारा. पाच बाय आठमध्ये दोन वर्षं राहिलेलं चार फुटी रोप हे स्वस्त पडतं म्हणून लोक खुशीनं घेतात, पण त्याच्या मुळांचं वेटोळं आत ठरून गेलेलं असतं. त्याच्या शेजारचं वर्षभराचं दोन फुटी घ्या. शंभर-दोनशे रोपं घ्यायची असतील तर एक पिशवी विकत घेऊन तिथंच फाडून बघा, मी हे दर वेळी करतो, चांगला नर्सरीवाला त्याला नाही म्हणत नाही. पांढरी, ओलसर, सगळीकडं पसरलेली बारीक मुळं दिसली तर लॉट घ्या, तपकिरी, जाड आणि गोल फिरलेली दिसली तर दुसरीकडं जा.

मोठ्या झाडात अजून एक बघायचं. खोड धरून हलकेच हलवा. झाड आणि गोळा एकदम हलले तर बरं, खोड हलतंय आणि माती जागेवर आहे असं वाटलं तर ते झाड जमिनीतनं खणून नुकतंच पिशवीत भरलंय. पुण्याजवळ उरुळी कांचनच्या पट्ट्यात सोलापूर रोडला नर्सऱ्यांची रांग आहे, तिथं आणि इतरत्रही बरीच मोठी झाडं आंध्रातल्या कडियमच्या बाजूनं ट्रकनं येतात. येण्यात काही गैर नाही, फक्त येऊन किती दिवस झाले हे विचारा, नवीन पालवी इथं फुटलेली आहे का बघा. दोन-तीन महिने इथं मुरलेलं झाड घ्या. कालच्या ट्रकमधलं तुमच्या माळावर नेऊ नका.

आणि रोप हिरव्या नेटखालचं असेल तर लगेच उन्हात लावायचं नाही. नर्सरीवाल्याला सांगा पंधरा दिवस उघड्यावर ठेव, किंवा घरी आणून आधी सकाळचं ऊन मग पूर्ण ऊन असं करा, पाणी थोडं कमी करा. पानं जरा कडक, गडद झाली की समजायचं तयार आहे.

आणल्यावर

टेम्पोत आणताना वर ताडपत्री बांधा, उघड्या गाडीत दोन तास वारं लागलं की पानं करपतात. लावायच्या आदल्या दिवशी पिशवी चांगली भिजवा म्हणजे गोळा फुटत नाही. पिशवी ब्लेडनं उभी कापून पूर्ण काढा, खाली इंचभर मुळांची गुंडाळी असेल तर ती चकती कापूनच टाका, कडेनं तीन-चार उभे काप द्या. कापायला हात धजत नाही पहिल्यांदा, माझा पण नव्हता धजला, पण त्या कापातनंच नवीन मुळं बाहेरच्या मातीत जातात. गोळ्याचा वरचा थर जमिनीला समतल राहील असं बसवा, खोड मातीत पुरू नका, आणि खड्ड्यात नुसती विकतची लाल माती भरण्यापेक्षा तिथलीच माती शेणखत मिसळून भरा, नाहीतर मुळं त्या मऊ मातीतच गोल फिरत राहतात, आणि मग माझ्या पिंपळाचं झालं तेच होतं.

लावायची वेळ दुष्काळी भागात पहिल्या सरीला नको. मृगाचा एक पाऊस पडतो, सगळे उत्साहानं लावतात आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं. जमीन वीतभर खोल ओली झाली का ते उकरून बघा आणि मग लावा, छोट्या रोपाला तर जुलै उजाडला तरी काही बिघडत नाही.

शंभर लावायची असतील तर एकशे दहा-पंधरा आणा. जादाची रोपं घराजवळ झाडाखाली ठेवा, महिन्याला पिशव्या जागेवरनं हलवा, आणि परतीच्या पावसात जिथं जिथं रोप गेलंय तिथं ह्याच रोपांनी नांग्या भरा. त्याच वयाची, त्याच लॉटची असतात, त्यामुळं रांगेत मागं पडत नाहीत. आम्ही यंदा माळावरच्या त्या सात रिकाम्या खड्ड्यांत अशीच दोन फुटी कडुनिंबं लावलीत, पाण्याची पाळी रविवारची, माझी आणि धाकट्या भावाची आळीपाळीनं.